फरशीखालचे न दिसणारे काम

झाशीच्या जुन्या तटबंदीतील दतिया दरवाजाजवळचे घर असो वा अन्य जुन्या शहरातले, स्वयंपाकघराची फरशी बदलताना गृहस्वामीचे सारे लक्ष टाइलच्या रंगाकडे असते. टिकाऊपणा मात्र खालच्या थरावर अवलंबून असतो.

प्रथम २ मीटर लांबीची सरळ पट्टी सर्व दिशांनी ठेवून पाहावी. तिच्याखाली ३ मिलिमीटरहून अधिक फट दिसल्यास जमीन समतल करणे आवश्यक ठरते. ठोकल्यावर पोकळ वाजणारा भाग उखडावा, तेलकटपणा धुऊन काढावा आणि ओल असल्यास तिचे मूळ आधी शोधावे. उंचवटे तासून, खड्डे सिमेंट-वाळूने भरून त्यावर किमान ७ दिवस पाणी मारावे. मग तो थर पुरता वाळू द्यावा.

थंडीसाठी टाइलखाली विजेची उष्णतावाहक तार बसवायची असल्यास काळजी दुप्पट हवी. तारेभोवती पोकळी राहिल्यास उष्णता कोंडून तार निकामी होते, आणि दुरुस्तीसाठी फरशीच फोडावी लागते. तारेखाली उष्णतारोधक थर असावा. ओट्याखाली व कपाटांखाली तार नेऊ नये.

घरदुरुस्ती कर्जाच्या अंदाजपत्रकात या कामाची स्वतंत्र नोंद अवश्य असावी. ती वगळल्यास फरशी लवकर तडकते. हप्ते मात्र चालूच राहतात.