शब्दकोडं अडलंय? मधलं अक्षर शोधा

मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. कोडं सोडवण्याची खरी किल्ली हीच!

समजा, संकेत आहे 'सूर्य' आणि घरं तीन. भास्कर, आदित्य, सविता, तिन्ही चपखल बसतात. घाईनं काहीच भरू नका, आधी मधल्या घरातून जाणारा उभा शब्द सोडवा. तिथे 'दि' आला तर आदित्य, 'वि' आला तर सविता, 'स्क' आला तर भास्कर. प्रश्नच मिटला.

संकेत 'पळून जाणे' असा क्रियापदाचा असेल, तर शेवटच्या घरात पेन्सिलनं 'णे' लिहून टाका. बहुतेक वेळा ते टिकतं, आणि आडव्या शब्दाला फुकटचं अक्षर मिळतं. संकेत अनेकवचनी असेल तर उत्तरही तसंच शोधा.