कलिल म्हणजे चिकट पदार्थ नव्हे

गैरसमज: कलिल म्हणजे काहीतरी दाट, चिकट.

धुकं आणि धूर हीही कलिलंच. कलिल ठरतं ते एका पदार्थात विखुरलेल्या दुसऱ्या पदार्थाच्या कणांच्या आकारावरून: साधारण १ ते १००० नॅनोमीटर. मायकेल फॅरेडेने १८५०च्या दशकात केलेलं सोन्याचं कलिल पाण्यासारखं पातळ आणि रंगाने चक्क लाल. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने ते अजून जपून ठेवलंय.

गैरसमज: काही पदार्थ जात्याच कलिल असतात.

पदार्थांची कलिल आणि बिगर-कलिल ही वाटणी खुद्द रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहमने १८६१ साली केली होती, त्यामुळे ती टिकली यात नवल नाही. पण साबण अल्कोहोलमध्ये सरळ विरघळतो आणि पाण्यात ठरावीक प्रमाणापुढे गेला की कलिल होतो. एरवी पाण्यात विरघळणाऱ्या मिठाचंही बेन्झीनमध्ये कलिल करता येतं. कलिल ही पदार्थाची अवस्था आहे, जात नव्हे.

गैरसमज: गाळलं की कण वेगळे होतात.

साध्या गाळण कागदातून ते बिनदिक्कत पार होतात. ओळखायचं तर अंधारात टॉर्च मारावा. दुधाचे चार थेंब घातलेल्या पाण्यात प्रकाशाची वाट दिसते, मिठाच्या पाण्यात दिसत नाही. हाच टिंडल परिणाम.

गैरसमज: कण हलके, म्हणून ते तळाशी बसत नाहीत.

सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड! तरी फॅरेडेचे कण तरंगतच राहिले. एक तर पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी सतत ढकलत असतात. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, म्हणजे सगळ्या कणांवर एकाच प्रकारचा विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, गोळा होत नाहीत, आणि गोळा झाल्याशिवाय बसत नाहीत.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तेव्हा कणांचं हे एकमेकांना लोटणंच मोडलं जातं. मातीचे कण ऋणभारित. तुरटीतलं ॲल्युमिनियम तिहेरी धनभाराचं, ते हा ऋणभार पुसून टाकतं. मिठातला सोडियम एकेरी, म्हणून या कामात तो फारच दुबळा. शिवाय पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे लिबलिबीत पुंजके तयार होतात आणि उरलेली माती ओढून खाली नेतात. तुरटी मळ ‘जाळते’ हे खरं नाही. ती जंतू मारते असंही समजू नये: पुंजक्यांबरोबर काही खाली बसतात, बाकीचे नितळ दिसणाऱ्या पाण्यातच राहतात. ते उकळावंच लागतं.