‘मी घोरतो म्हणे’ : निद्राश्वसनरोध आणि यंत्राची सवय

‘मी जेवतो’ आणि ‘मी घोरतो’ या दोन वाक्यांची घडण एकच आहे. परंतु त्यांच्या प्रामाण्यात मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्यास वक्त्याच्या स्वानुभवाचा आधार असतो, दुसऱ्यास इतरांच्या साक्षीचा. म्हणूनच बोलणारा सहजपणे ‘मी घोरतो म्हणे’ असे म्हणतो. अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडीत ‘तो घोरते’ अशी तक्रार घरातून होते. ज्याच्याविषयी ती होते, तो मात्र झोपेत असतो. निद्राश्वसनरोधाच्या उपचारातील एक प्रमुख अडचण या ‘म्हणे’मध्ये सामावलेली आहे.

या विकारात झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग वारंवार मिटतो. श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. पूर्ण वा आंशिक असे अडथळे तासाला ३० किंवा अधिक असल्यास विकार तीव्र मानतात. ही क्षणिक जागरणे रुग्णास बहुधा आठवत नाहीत. दिवसा मात्र डुलकी येते. अमरावती-अकोला महामार्गावर वाहन चालविणाऱ्यास ती प्राणघातक ठरू शकते. घोरणारा प्रत्येक मनुष्य रुग्ण असतो असे नव्हे. त्याचा निर्णय निद्रापरीक्षणानेच होतो.

सिडनी येथील कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील नवा उपचार प्रसिद्ध केला. नाकावाटे सतत दाबाची हवा दिल्यास ती घशाला आतून आधार देते व मार्ग मिटत नाही, हे त्याचे तत्त्व होय. हा दाब सामान्यतः पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. तत्त्व सोपे, सवय कठीण. हवेच्या विरुद्ध उच्छ्‌वास सोडताना नवख्यास गुदमरल्यासारखे वाटते. नाकावरच मास्क असता बोलण्यास तोंड उघडले, की हवा तोंडावाटे निसटते व शब्द फुटत नाही. अंथरुणावरचे बोलणे मास्क चढविण्यापूर्वीच उरकावे लागते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची वऱ्हाडी रीतही यंत्राच्या विजेपायी अडते.

यास उपाय आहेत. दिवसा जागेपणी, वाचीत बसले असता, मास्क थोडा वेळ लावून पाहावा. आरंभी कमी दाब देऊन तो हळूहळू वाढविण्याची सोय यंत्रात असते. हवा डोळ्यांकडे गळत असल्यास पट्टा आवळण्यापेक्षा मास्कचे माप तपासणे इष्ट. वैशाखाच्या कोरड्या हवेत नाक सुकते. त्यासाठी यंत्रास आर्द्रता देणारे पात्र जोडतात. दाबातील बदल मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच करावा.

तथापि या साऱ्या उपायांहून महत्त्वाची गोष्ट प्रामाण्याची आहे. ज्या दुखण्याची स्वतःस जाणीव नाही, त्यासाठी रोजचा जाच सोसण्यास मन सहसा राजी होत नाही. घरच्यांच्या आग्रहाखातर लावलेला मास्क मध्यरात्री उतरतो. याउलट अनेक यंत्रे वापराचे तास व उरलेले अडथळे यांची नोंद ठेवतात. ती नोंद रुग्णाने स्वतः पाहावी आणि दुपारच्या आपल्या जागरूकतेशी ताडावी. पूर्वी केवळ इतरांच्या तोंडून कळणारी गोष्ट तेव्हा त्याच्या स्वतःच्या प्रत्ययास येते. वाक्यातील ‘म्हणे’ गळून पडतो. आणि यंत्राची खरी सवय बहुधा तेथून सुरू होते.