लाइट गेल्यावरचं गाणं

मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरातला शहाणा माणूस दुपारी कूलरसमोरून हलत नाही. मी मात्र टेबलावर दोन भट्ट्या पेटवून बसतो. बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, आत नारिंगी निखारा. वॉल्व्ह. जुन्या रेडिओत असायचे, बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट ताटकळत ठेवायचे, तेच. यांच्याभोवतीचा अँप्लिफायर घरी, सोल्डरच्या धुरात डोळे चोळत जोडलाय.

ते अर्धं मिनिट लागतं कॅथोड तापायला. वॉल्व्हच्या मधोमध ही बारीक धातूची नळी असते, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. आतली तार तिला सातशे अंशांच्या आसपास नेते आणि मग लेपातून इलेक्ट्रॉन अक्षरशः उकळून बाहेर पडतात. आपलं पंचेचाळीस त्याच्या खिजगणतीतही नाही. भोवती प्लेट असते, अडीचशे व्होल्टचा धन दाब घेऊन इलेक्ट्रॉन ओढणारी. वाटेत हवा नाही, म्हणून अडथळाही नाही. आहे ती फक्त ग्रिड, केसासारख्या तारेचे विरळ वेढे. गाणं येतं ते या ग्रिडवर.

पाटाच्या पाण्यावर ओलीत करणारा माणूस आठवा. तो फावड्याने मातीचा एक गोळा इकडचा तिकडे करतो आणि वाफा भरतो. पाणी त्याच्या अंगातून येत नाही, तो नुसती वाट उघडतो-बुजवतो. ग्रिड हेच करते, सेकंदाला हजारो वेळा. मला या छंदात अजूनही चक्रावून टाकणारी गोष्ट ही: अँप्लिफायर गाणं मोठं करतच नाही. मोबाइलमधून आलेलं गाणं ग्रिडच्या दारातच थांबतं. स्पीकरपर्यंत जाते ती भिंतीतल्या प्लगमधली वीज, पारसच्या केंद्रात कोळसा जाळून केलेली म्हणा हवं तर, त्या गाण्याच्या आकारात कापलेली. भीमसेन जोशींची तान म्हणून आपण कोळसा ऐकत असतो.

ही ग्रिड ली डी फॉरेस्ट या अमेरिकनाने १९०६ मध्ये नळीत घातली. ती काम कशी करते हे त्याला स्वतःला नीट उमगलं नव्हतं, ते इतरांनी उलगडलं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे वॉल्व्ह बनवले. जुना वॉल्व्ह विकत घेताना आधी त्याचा माथा बघायचा. काचेवर आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा, आत चुकून उरलेली हवा गिळायला ठेवलेला. तो दुधासारखा पांढरा दिसला, तर नळीत हवा शिरली. दुकानदार काहीही म्हणो, परत द्या.

माझ्या दोन वॉल्व्हपैकी पुढचा ईसीसी८३, मागचा ईएल८४. मागच्याला समोर पाच हजार ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. मध्ये ट्रान्सफॉर्मर घालावाच लागतो. पाच हजार भागिले आठ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५. म्हणून एका बाजूला तीन हजार वेढे, दुसऱ्या बाजूला एकशेवीस. हे काम मी कूलरच्या मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे नेलं. तार, वेढे, वार्निश, सगळं त्याने बिनबोभाट ऐकून घेतलं. शेवटी मी सांगितलं, कोअरच्या ई आणि आय आकाराच्या पट्ट्या आलटूनपालटून बसवू नका, सगळ्या ई एकीकडे, सगळ्या आय दुसरीकडे, आणि मध्ये कागद ठेवा.

“भाऊ, लोकं म्हणतात कोअर गच्च बसवा, अन् तुम्ही फट मागून राह्यले?”

फट लागतेच. एकट्या ईएल८४ च्या तारेतून गाणं असो-नसो, अठ्ठेचाळीस मिलिअँपिअर एकाच दिशेने वाहत असतात. ते लोखंडाला चुंबकत्वाने तुडुंब भरून टाकतील, मग गाण्याला जागा कुठली? कागदाएवढ्या फटीने ती जागा मोकळी राहते. त्याने पोराच्या वहीचं पान फाडलं, घडी न घालता पट्टी कापली आणि बसवली. तिच्यावर निम्मा पाढा होता.

पहिल्या दिवशी गाण्याच्या आधी गुणगुण ऐकू आली. घरची वीज पन्नास हर्ट्झची, डायोडमधून सरळ होताना ती शंभरची होते. पेटीवर धरून पाहिलं: खालच्या सप्तकातली पांढरी पाच, जराशी चढी. कॅपॅसिटर वाढवला तेव्हा ती दबली, गेली नाही. तो कॅपॅसिटर मात्र जपून. प्लग काढल्यावरही त्यात तीनशे व्होल्ट दबा धरून बसू शकतात. एकदा विसरलो आणि कोपर भिंतीवर असं आदळलं की तेव्हापासून तपासताना डावा हात खिशात असतो.

उन्हाळ्यात लाइट जातेच. कूलर घरघरत थांबतो, गल्लीतले पंखे थांबतात. मोबाइल बॅटरीवर असतो, कॅथोड अजून लाल असतो, कॅपॅसिटर भरलेला असतो. त्यामुळे गाणं चालूच राहतं, चार-पाच सेकंद. भिंतीतून काही येत नाही, म्हणून पांढरी पाचही नसते. नुसता आवाज, हळूहळू खाली बसत जाणारा, आणि अंधारात दोन नारिंगी ठिपके.