सूसचं पाणी, भिगवणचे पाहुणे

पहाटे साडेचारला सूस खिंड उतरलो तेव्हा गाडीत आजी होत्या, झोपेतच उचलून आणलेली दोन मुलं होती, थर्मासमधला चहा होता आणि माझ्या मांडीवर दुर्बीण. सोलापूर रस्त्यावरचं उरुळी कांचन, यवत, पाटस, कुरकुंभ मागे पडलं आणि उजाडता उजाडता भिगवण आलं. तिथून आत वळून कुंभारगावच्या काठावर पोहोचलो, तेव्हा पाण्यावरून धुकं उठत होतं आणि कोळीबांधव बोटींत साचलेलं पाणी उपसत होते.

अलास्कात व्हिटियर किंवा सुअर्डच्या बंदरातून सहकुटुंब दिवसभराची बोट घेऊन लोक हिमनद्या आणि देवमासे पाहायला जातात. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेले ते निळ्या बर्फाचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. तसा एक दिवस आपल्या पुणे जिल्ह्यातही मिळतो. आपण हिमनद्यांपर्यंत जाऊ शकलो नाही, तरी हिमनद्यांवरून उडत आलेले पाहुणे हिवाळ्यात भिगवणला मुक्कामाला असतात.

ओढ्यापासून फुगवट्यापर्यंत

हे पाणी आपल्याला परकं नाही. सूसच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून मुळेला मिळतो. मुळा पुण्यात संगमाशी मुठेला भेटते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेत जाते आणि भीमेला उजनीची भिंत अडवते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातलं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे 63 टीएमसी, मृत साठा. या जलाशयाच्या फुगवट्यावर, इंदापूर तालुक्यात, भिगवण आहे.

पावसाळ्यानंतर धरण तुडुंब असतं, तेव्हा इथे लांब पायांच्या पक्ष्यांना उभं राहायला जागा नसते. हिवाळ्यात कालव्यांतून आणि नदीतून पाणी सुटू लागलं, की काठ उघडे पडतात. मोकळ्या झालेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात आणि उथळ पाण्यातल्या चिखलात पक्ष्यांची पंगत बसते. म्हणून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे तर जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. पाणी फारच आटलं, तर पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं पुरातन मंदिर वर येतं. धरणासाठी ज्या गावांनी आपली घरं पाण्यात सोडली, त्यांची आठवण ते शिखर करून देतं.

चोच उलटी, पाय नाचरे

नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बांबू तळाला टेकवून बोट हलकेच पुढे रेटली. समोर शेदीडशे रोहित. आजींनी आधी पाय पाहिले, कारण पक्षी एका जागी पाय आपटत फेर धरल्यासारखे फिरत होते. पायांनी गाळ ढवळायचा, वर आलेलं शेवाळ, किडे आणि बारीक कवचधारी जीव टिपायचे, ही त्यांची रीत. त्यासाठी ते मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतात. मांसल जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं, बाहेर जातं आणि चोचीच्या कडेच्या दातेरी जाळीत अन्न अडकतं. चहाच्या गाळणीसारखंच.

“हे पांढरे का?” धाकटीने विचारलं. कळपातले काही राखट, मळकट दिसत होते. ती तरुण पिल्लं. रोहित गुलाबी जन्मत नाही. शेवाळातली आणि ते खाणाऱ्या जीवांतली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पोटात जात राहतात, तसा काही वर्षांत पिसांना रंग चढतो. आपल्याकडच्या या मोठ्या रोहितांची वीण गुजरातेत कच्छच्या रणात होते. तिथे चिखलाच्या बुटक्या उंचवट्यावर मादी एकच अंडं घालते.

पलीकडच्या गवताळ काठावर पट्टकादंब हंस चरत होते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे, एवढी खूण पुरे. त्यांची घरटी मंगोलिया, तिबेट आणि आपल्या लडाखमधल्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांच्या काठी असतात. तिथून इकडे यायचं तर मधे हिमालय. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू घट्ट पकडतं. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या हंसांपैकी एकाची 7,290 मीटर उंचीवर नोंद झाली आहे. चक्रवाकांची आणि तपकिरी डोक्याच्या कुरवांची उन्हाळी घरंही त्याच उंच मुलखात.

काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला एक पक्षी बोटीजवळून पोहत गेला. मराठीत त्याचं नाव वारकरी. हेच पाणी पुढे चंद्रभागा होऊन पंढरपुरात जातं, हे आठवलं आणि आजींनी नकळत हात जोडले. अशी नावं गावोगाव आणि रानोमाळ फिरून वेचणारे मारुती चितमपल्ली याच मुलखाचे. 1932 साली सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींनी ‘पक्षीकोश’ लिहिला. 2025 मध्ये ते गेले, पण त्यांनी दिलेले शब्द अजून काठावर ऐकू येतात.

अंतर राखणं

परतताना एक बोट कळपाच्या अगदी जवळ नेली गेली. सगळे रोहित एकदम उडाले. काळ्या-गुलाबी पंखांचा तो देखावा देखणा खरा, पण त्या एका उड्डाणात पक्ष्यांनी खाऊन साठवलेली ताकद खर्च होते. अलास्कात हंपबॅक देवमाशापासून 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर, दूर राहण्याचा नियम आहे. इथे तो आपणच पाळायचा. नावाड्याला आधीच सांगावं, “दादा, जवळ नको, उडवू नका.” आणि बोटीत लाइफ जाकीट प्रत्येकाने घालावं. 21 मे 2024 रोजी याच जलाशयात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला.

काठावर तळलेली चिलापी आणि भाकरी खाताना बोटवाल्या मामांशी बोलणं झालं. चिलापी मूळची आफ्रिकेतली. तिने जाळ्यातली गावठी मासळी कमी केली, असं ते म्हणाले. मग त्यांनी हिरवट पाण्याकडे बोट दाखवलं. “हे तुमच्याकडूनच येतं.” आवाजात राग नव्हता. तरी घास घशात अडला.

ते खरंच आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, त्यातलं बरंचसं पूर्ण शुद्ध न होता, याच वाटेने उजनीत येतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी आणि शेवाळ माजतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. मासा संपला, की कोळ्याची चूल आणि पक्ष्यांचा मुक्काम, दोन्हींवर गदा येते. सूस 2021 साली पुणे महापालिकेत आलं. टेकड्यांच्या कुशीत इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक इमारतीची मोरी शेवटी याच नदीकडे उघडते.

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. या वर्षी त्या आठवड्यात घरच्यांसोबत बसून जानेवारी ते मार्चमधल्या भिगवणच्या सहलीचा दिवस ठरवा. त्याच आठवड्यात सोसायटीच्या सभेत एक प्रश्नही विचारा: आपलं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र रोज चालतं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते चालू होईपर्यंत विचारत राहा. आपण सोडलेल्या पाण्यातच हे पाहुणे जेवतात, आणि तेच पाणी पुढे पंढरीला जातं.