पहिला रमजान, दोघांचं घर

लग्नानंतरचा पहिला रमजान नव्या जोडप्याच्या कायम लक्षात राहतो. पहाटे सहरीसाठी कोणी कोणाला उठवायचं, इफ्तारला खजुरासोबत काय ठेवायचं, सासरची भजी खमंग की माहेरची, अशा लहानसहान गोष्टींतून दोन माणसांना एकमेकांची ओळख होते. हिंदू घरांत पहिल्या दिवाळसणाचं जे अप्रूप, तेच आमच्याकडे पहिल्या रमजानचं आणि पहिल्या ईदचं. मुलीच्या माहेरहून इफ्तारचे डबे येतात, ईदचे कपडे येतात. या प्रेमाच्या रिवाजात देण्याघेण्याचा हिशेब शिरला की मात्र त्याचं ओझं होतं.

'जालना सोने का पालना' ही म्हण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. या शहराने लोखंडाच्या सळया, बियाणं आणि बाजारपेठेच्या जोरावर हजारो हातांना काम दिलं. पण या कामावर जगणाऱ्या तरुण जोडप्याचं पहिलं घर बहुधा भाड्याची एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा एवढंच असतं. त्या खोलीत लग्नानंतर डबल बेड, कपाट, ड्रेसिंग टेबल, शोकेस, कूलर असं सगळं येऊन पडतं. खोली भरते आणि जानमाज, म्हणजे नमाजची चटई, अंथरायला जागा उरत नाही. मुलीचे वडील मात्र त्या सामानाचे हप्ते पुढची काही वर्षं फेडत राहतात. घर मुलीचं सजतं आणि कर्ज बापाच्या अंगावर राहतं. ही गोष्ट एका समाजाची नाही. तिला कुणी 'जहेज' म्हणतं, कुणी 'हुंडा', कुणी 'मुलीला प्रेमाने दिलं' असं म्हणतं.

जहेजचं समर्थन करताना 'जहेज-ए-फातिमा'चा दाखला नेहमी दिला जातो. तो दाखला पूर्ण पाहायला हवा. हजरत अली यांच्याकडे निकाहच्या वेळी मेहर द्यायला रोकड नव्हती. त्यांनी आपलं चिलखत मेहर म्हणून दिलं. हजरत फातिमा यांच्या घरासाठी दिलेल्या वस्तूंची यादी हदीसच्या ग्रंथांत आहे: एक चादर, पाण्याची मशक आणि आत गवत भरलेली चामड्याची उशी. काही रिवायतींत जातं आणि घड्यांचाही उल्लेख येतो. म्हणजे अंथरूण, पाणी आणि पीठ यांची सोय. या वस्तू मेहरच्या पैशांतूनच घेतल्या होत्या, असंही अनेक आलिम सांगतात. यात शोकेस कुठेच नाही.

पुढे जातं ओढून फातिमांच्या हातांना घट्टे पडले. मदतीला सेवक मिळावा म्हणून त्या वडिलांकडे गेल्या, तेव्हा पैगंबरांनी मुलगी आणि जावई दोघांनाही झोपण्यापूर्वी म्हणायचे शब्द दिले: 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. आज ती 'तस्बीह-ए-फातिमा' म्हणून घरोघरी म्हटली जाते. वडिलांनी दिलेली ही आठवण चौदा शतकं टिकली आहे.

शब्दांची भेट देण्याची अशी रीत आपल्याकडेही होती. उर्दू बोलणाऱ्या घरांत निकाहच्या वेळी वर-वधूचं, आईवडिलांचं नाव गुंफून 'सेहरा' लिहिला जाई. मुलीच्या पाठवणीसाठी 'रुखसती' लिहिली जाई. ती कागदावर छापून पाहुण्यांना वाटत आणि एक प्रत काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावत. 1852 मध्ये बहादूरशाह जफर यांचा मुलगा जवां बख्त याच्या लग्नात गालिब आणि जौक या दोघांनी सेहरे लिहिले आणि त्यावरून दोन शायरांत चांगलीच जुंपली. त्या शाही लग्नातलं सामान आज कुठे आहे, कुणालाच सांगता येणार नाही. सेहरे मात्र अजून वाचले जातात.

मराठी घरांतही वधू-वरांची नावं घातलेली मंगलाष्टकं छापून वाटत असत. साध्या लग्नाची वाट तर याच मातीत घातली गेली. 25 डिसेंबर 1873 रोजी सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह अगदी थोड्या खर्चात झाला. सत्यशोधक विवाहांसाठी जोतीरावांनी स्वतः मराठी मंगलाष्टकं रचली आणि त्यांत वधू-वर एकमेकांना वचन देतात.

तेव्हा मित्राच्या लग्नात भिंतीवरचं घड्याळ किंवा काचेचा ताजमहाल देण्याऐवजी चार ओळी लिहून द्या. शायर असण्याची गरज नाही. जाड कागदावर सुवाच्य अक्षरात दोघांची नावं, निकाहची किंवा लग्नाची तारीख, गावाचं नाव आणि मनापासूनची दुआ पुरे. चौकट बाजारात स्वस्तात बसवून मिळते. निकाहनामा मात्र लॅमिनेट करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की निघत नाही. मूळ कागद फाईलमध्ये ठेवा आणि हवी असेल तर त्याची प्रत भिंतीवर लावा.

दुसरी आठवण गोधडीची. मराठवाड्यात ती वाकळही म्हणवते. आईची मऊ झालेली सुती साडी, आजीची ओढणी, सासूबाईंचं जुनं लुगडं असे थर एकावर एक घालून कडेपासून आत धावदोरा घालत जायचं. कापड आधी धुऊन, खळ काढून वाळवलेलं असावं. जरीचं किंवा सिंथेटिक कापड टाळावं, सुई अडते आणि गोधडी टोचते. हाताने शिवायला वेळ नसेल तर गल्लीत गोधड्या शिवणाऱ्या बायका असतातच. त्यांना मजुरी मिळते आणि दोन्ही घरांची वस्त्रं एका अंथरुणात येतात. उद्या घरात पाळणा हलला, तर त्यातही तीच घालता येईल.

आता घराचं काम. रमजानच्या आधी, शाबान महिन्यात घराला चुना लावायची जुनी पद्धत आहे, तशीच दसरा-दिवाळीआधी हिंदू घरांत. भाड्याच्या खोलीला महागडी पुट्टी लावण्यापेक्षा चुना परवडतो. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवावा. नेहमी पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, कारण तो उसळतो. डोळे आणि हात जपावेत. गाळून घेऊन त्यात थोडा डिंक आणि किंचित नीळ घातली की भिंत पांढरीशुभ्र दिसते. उरलेल्या चुन्याचे दोन हात घरमालकाला विचारून स्लॅबवर द्यावेत. पांढरं छत ऊन परतवतं आणि खोली कमी तापते. अहमदाबाद शहरात उष्णतेपासून बचावाच्या योजनेत गरीब वस्त्यांची छतं याच विचाराने पांढरी करण्यात आली. ईद झाली की जालन्याचं ऊन काय असतं, ते वेगळं सांगायला नको. फक्त रोजा असताना भर दुपारी छतावर चढू नका. इफ्तारनंतर किंवा ईदनंतरच्या सकाळी हे काम करा.

जुन्या घरांत भिंतीला कोनाडे असत. उर्दूत त्याला 'ताक' म्हणतात. कुणाच्या कोनाड्यात कुराण, कुणाच्या कोनाड्यात देव आणि दिवा. आजच्या खोल्यांना कोनाडे नसतात, पण सुताराकडून एक फळी आणि दोन ब्रॅकेट घेतले की तो होतो. शोकेसएवढी जागाही जात नाही.

थोडं कायद्याचंही. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा आहे आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. मेहर मात्र हुंड्यात मोडत नाही, कारण तो वधूचा हक्क आहे आणि कुराणात, सूरह निसाच्या चौथ्या आयतीत, तो खुशीने द्या असं सांगितलं आहे. तो उधारीवर न ठेवता निकाहच्याच दिवशी दिला, तर संसाराची सुरुवात बापाच्या कर्जाऐवजी मुलीच्या स्वतःच्या पैशाने होते. लग्नातल्या भेटींची लेखी यादी ठेवावी, असं 1985 चे नियम सांगतात. यादी करायला संकोच वाटू देऊ नका. पुढे वाद झाला, तर ती मुलीच्या कामी येते.

या ईदला आपण एखाद्या नव्या जोडप्याकडे शीरखुर्मा प्यायला जाल. 'मुलीने काय काय आणलं?' हा प्रश्न तेवढा उंबऱ्याबाहेर ठेवा. कुठल्या तरी बापाने पुढचं कर्ज काढावं की नाही, ते या एका प्रश्नावर ठरत असतं. भिंतीवरचा सेहरा वाचा, गोधडी कुणी शिवली ते विचारा आणि दोघांना दुआ द्या.

सर्व वाचकांना रमजान मुबारक.