सूज उतरल्यानंतरची शेपटी

उंदराच्या शेपटीच्या मुळापासून साधारण दोन सेंटिमीटरवर, शेपटीभोवती गोल फिरवून दोन-तीन मिलिमीटर रुंदीची कातडीची पट्टी काढायची. कागदावर कृती एवढीच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की अडचण कळते. शेपटीच्या दोन्ही अंगांना एकेक शीर आहे आणि तिला अगदी खेटून लसिकावाहिनी, म्हणजे ऊतींत झिरपलेलं पाणी, लसिका, परत नेणारी नळी. शीर गडद दिसते. लसिकावाहिनी दिसतच नाही, कारण तिची भिंतही पारदर्शक आणि आतला द्रवही बिनरंगी. म्हणून शेपटीच्या टोकाला आधी निळा रंग टोचायचा. थोड्याच वेळात शिरेच्या कडेने एक निळी रेघ वर चढते. ती रेघ बंद करायची आणि शिरेला धक्का लागू द्यायचा नाही. शीर दुखावली तर शेपटीचं टोक काळं पडतं, प्राण्याचे हाल होतात आणि त्याला प्रयोगातून काढावं लागतं. शिवाय त्या शेपटीची सूज कशाची, लसिका तुंबल्याची की रक्त तुंबल्याची, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी या शेपट्यांचं चित्रण करते. शेपटी निवडण्याचं कारण मात्र माणसाच्या काखेत आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे बोलीभाषेत गाठी, काढल्या जातात. संपूर्ण काख साफ केलेल्या साधारण पाचांपैकी एकीला पुढे हाताला सूज येते. पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासून तिथेच थांबता आलं तर हे प्रमाण विसात एकीच्या आसपास उतरतं. सूज लगेच येते असं नाही. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी येते, आणि आपल्याकडच्या बाईला ती बहुतेकदा आधी बांगडीवरून कळते. डॉक्टर तिला लिम्फिडिमा म्हणतात. जगभर या दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण हत्तीरोग आहे आणि विदर्भातल्या डॉक्टरांना तसे पाय नवे नाहीत. तिथे वाहिन्या कृमींमुळे बिघडतात, इथे त्या शस्त्राने आणि किरणोपचारांनी बिघडतात.

न दिसणारी वाहिनी दिसावी कशी, हा प्रश्न चारशे वर्षांचा आहे. १६२२ साली इटलीत गास्पारे असेल्ली यांनी जिवंत कुत्र्याचं पोट उघडलं तेव्हा आतड्याच्या पडद्यावर त्यांना पांढऱ्या दोऱ्या दिसल्या. कुत्रा नुकताच जेवला होता आणि अन्नातल्या स्निग्धांशाने त्या वाहिन्या दुधाळ झाल्या होत्या. तो उपाशी असता तर काहीच दिसलं नसतं. पुढे सगळी धडपड बिनरंगी द्रवात बाहेरून काहीतरी घालण्याची झाली.

आम्ही घालतो ते इंडोसायनिन ग्रीन. प्रयोगशाळेत त्याला कुणी आयसीजीपलीकडे काही म्हणत नाही. माणसांसाठी हे द्रव्य १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. ते प्रथिनांना चिकटतं, ७८० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड शोषतं आणि ८३० च्या आसपास परत देतं. दोन्ही आपल्या डोळ्यांच्या कक्षेबाहेरचे, पण कातडीतून बऱ्यापैकी आरपार जाणारे. उंदराला भूल देऊन गरम पॅडवर ठेवायचं, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावायचं, आणि शेपटीच्या टोकाच्या कातडीत अगदी बारीक सुईने थेंबभर द्रव सोडायचा. सुई जरा खोल गेली की तो शिरेत जातो आणि त्या दिवशीचं चित्र गेलंच. मग खोलीतले दिवे बंद. कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेपटीच्या दोन्ही बाजूंना दोन उजळ रेषा चढतात. त्या सलग चढत नाहीत. लसिकावाहिनी तुकड्यातुकड्यांची असते, दर तुकड्याच्या टोकाला झडप, आणि प्रत्येक तुकडा स्वतः आकुंचन पावून पुढच्याला माल देतो. त्यामुळे उजेडाचे ठिपके थांबत, सरकत, पुन्हा थांबत वर जातात. एका ठिकाणची उजळी काळानुसार मांडली की आकुंचनं मोजता येतात. भुलीचं औषध या आकुंचनांना मंदावतं, म्हणून ते किती दिलं आणि चित्रण सुरू होण्याआधी किती वेळ गेला, हे प्रत्येक नोंदीत असावंच लागतं. ज्या नोंदीत ते नसतं तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांतलं चित्र वेगळंच. रेषा जखमेपर्यंत येतात आणि थांबतात. मग आयसीजी उलट फिरून कातडीतल्या सूक्ष्म वाहिन्यांत शिरतं आणि मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी जाळी उजळते. निरोगी शेपटीत ही जाळी मुद्दाम भरली तरच दिसते. १९९४ साली बॉस्टनमध्ये राकेश जैन यांच्या गटात तिच्यातल्या प्रवाहाचा वेग मोजला गेला होता. दुखावलेल्या शेपटीत ती आपणहून भरते, आणखी काही दिवसांनी तिचे कोनही पुसले जातात आणि नुसता धुरकट उजेड उरतो. रुग्णाच्या हातावर हेच दिसतं. जपानी शल्यविशारदांनी तिथल्या आकृत्यांची प्रतवारी केली आहे: शिंतोडे, तारकाधूळ, आणि शेवटी सगळीकडे पसरलेला उजेड.

वेदनाशामकाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्या वाचकाला ही बाब क्षुल्लक वाटेल. शस्त्रक्रियेनंतर प्राण्याला वेदनाशामक द्यावंच लागतं, यात तडजोड नाही. पण दाह कमी करणारं औषध दिलं तर तेच सुजेवर काम करतं. स्टॅनफर्डच्या स्टॅन्ली रॉक्सन यांच्या गटाने २००९ साली याच शेपटीवर दाखवलं की कीटोप्रोफेन, म्हणजे एक साधं दाहशामक, सूज कमी करतं. मग वेदना शमवणारं आणि दाहाला हात न लावणारं औषध निवडावं लागतं. यातूनच हेही स्पष्ट होतं की लिम्फिडिमा नुसता तुंबलेल्या पाण्याचा आजार नाही. न्यूयॉर्कमध्ये बाबक मेहरारा यांच्या गटाने दाखवलं की प्रतिकारशक्तीच्या सीडी४ प्रकारच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांत ही सूज आणि नंतरचा कठीणपणा फारसा येत नाही.

रक्तवाहिन्या याच बैठकीत बघण्याचा हट्टही त्यामुळेच. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो की केशवाहिन्यांतून झिरपलेलं बहुतेक पाणी शिरेच्या बाजूने रक्तात परत ओढलं जातं आणि उरलंसुरलं लसिका नेते. लेव्हिक आणि मिशेल यांनी २०१० साली ही मांडणी बाजूला ठेवायला लावली: बहुतेक ऊतींत झिरपलेलं पाणी परत नेण्याचं काम जवळजवळ सगळं लसिकेचंच आहे. म्हणजे दाहामुळे केशवाहिन्या जास्त झिरपू लागल्या की आधीच कापलेल्या वाहिनीवर बोजा वाढतो. एकच बाजू बघून हिशेब लागत नाही.

रक्तासाठी आम्ही प्रकाशध्वनी चित्रण वापरतो. लेझरचा अतिलघु झोत हिमोग्लोबिनने शोषला की ते किंचित तापतं, प्रसरण पावतं आणि ध्वनिलहर सोडतं. ती सोनोग्राफीसारख्या संवेदकाने ऐकायची. या परिणामाची पहिली नोंद १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी केली होती. आठशे नॅनोमीटरच्या आसपास प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त सारखंच शोषतं, त्याच्या खाली-वर वेगवेगळं. त्यामुळे वेगवेगळ्या तरंगलांबींवर चित्र घेतलं की रक्त कुठे आहे, त्यात प्राणवायू किती आहे आणि आयसीजी कुठे आहे, हे गणिताने वेगळं काढता येतं. ते गणित हळवं असतं. श्वासाने शेपटी केसभर हलली तरी शिरेच्या कडेला खोटी लसिकावाहिनी उमटते, कारण दोघी इतक्या जवळ आहेत. मी अशा जागी तिसरी फेरी घेतल्याशिवाय काहीच नोंदवत नाही.

या शेपटीवरचं मला सगळ्यात आवडणारं काम मेलडी स्वार्ट्झ यांच्या गटाचं, २००३ सालचं. त्यांनी कापलेल्या पट्टीच्या जागी कोलॅजनचा लगदा भरला आणि वाहिन्या परत कशा येतात ते पाहिलं. अपेक्षा अशी असते की वाहिनीला फुटवे फुटतील आणि त्यातून पाणी जाऊ लागेल. घडलं उलट. आधी पाण्याने त्या लगद्यातून आपले मार्ग काढले; लसिकावाहिनीच्या पेशी मागाहून, पाण्याच्याच दिशेने आल्या आणि त्या मार्गांभोवती जुळल्या. हे समजल्यापासून जखमेवरची धुरकट झिरपण मी निरुपयोगी गळती म्हणून पुसून टाकत नाही. तिची दिशा मोजते.

शेवटी ऊतींचे काप रंगवून पडताळणी होते. त्यातही सापळा आहे: लसिकावाहिनी ओळखण्यासाठी वापरला जाणारा लायव्ह-१ हा खुणेचा रेणू काही भक्षकपेशींवरही असतो. दाहाच्या जागी अशा पेशींची दाटी असते आणि नुसते ठिपके मोजले तर वाहिन्या वाढल्याचा भास होतो. दुसरी खूण जुळली तरच वाहिनी धरायची.

बाहेरून शेपटीचा हिशेब सरळ असतो. ठरावीक अंतरांवर व्यास घ्यायचे आणि आकारमान काढायचं. सूज दोन-तीन आठवड्यांत शिखराला जाते आणि नंतरच्या काही आठवड्यांत उतरते. या मॉडेलवरचा मोठा आक्षेप हाच, की बाईचा हात असा आपोआप उतरत नाही. आक्षेप खरा आहे. पण सूज उतरल्यावर आत काय असतं हे बघितलं तर याच शेपटीतून महत्त्वाचं काही हाती लागतं. अटलांटातल्या जॉर्जिया टेकच्या गटाने २०१९ साली एका बाजूची वाहिनी शाबूत ठेवून बाकीची शस्त्रक्रिया केली. सूज उतरली, तरी त्या न कापलेल्या वाहिनीचा दाब निर्माण करण्याचा जोर परत आला नाही. लठ्ठ उंदरांत सगळंच जास्त बिघडलं.

हा जोर मोजायला शेपटीवर इवलासा कफ बसवतात. तो फुगवून प्रवाह अडवायचा, मग हवा हळूहळू सोडायची आणि कोणत्या दाबाला आयसीजी कफ ओलांडतं ते कॅमेऱ्यात टिपायचं. आम्ही सूज उतरल्यानंतरही कफ लावत राहतो, कारण औषधाने शेपटी बारीक झाली एवढं मला पुरत नाही. हीच मोजणी माणसाच्या पायावर पारदर्शक कफ बांधून जपानमध्ये झालेली आहे. ते काम २०१० साली प्रसिद्ध झालं. काख साफ केलेल्या बाईच्या तपासणीत मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी हाताभोवती टेपच लावतात. तिथे कफ आणि कॅमेरा दोन्ही हवेत, आणि हात दिसायला अगदी ठीक असताना हवेत.